दुप्पट उंचीचा डोंगर

१

आमचा धंदा डोंगर तयार करण्याचा. ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, म्हणजे नक्की काय? म्हणजे उठावाचे नकाशे. शाळा, संग्रहालयं, धरणांची कार्यालयं, ज्याला म्हणून एखादा मुलूख टेबलावर मांडून बघायचा असतो त्याला आम्ही तो करून देतो. समोच्च रेषांचा कागद घ्यायचा, एकेका रेषेच्या आकाराचा प्लायवुडचा पातळ तुकडा बारीक करवतीने कापायचा आणि तुकड्यावर तुकडा चिकटवत वर जायचं. पायऱ्यापायऱ्यांचा सांगाडा उभा राहिला की त्यावर प्लास्टर फिरवून उतार काढायचे. हा धंदा बाबांनी सुरू केला. ‘दुरून डोंगर साजरे म्हणतात, आपण ते जवळून साजरे करून देतो,’ हे त्यांचं गिऱ्हाइकाला ऐकवायचं ठरलेलं वाक्य. आता त्यांची छाती कमकुवत झाली आहे, डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि हे वाक्य ते फक्त मला ऐकवतात.

या धंद्यात एक गोष्ट सगळेच करतात आणि कुणी बोलून दाखवत नाही. आम्ही उंची वाढवतो. कुठलाही डोंगर खऱ्या प्रमाणात केला तर टेबलावर कुणी उशी विसरून गेल्यासारखा दिसतो. पैसे देणाऱ्याला उशी नको असते. म्हणून लांबी-रुंदी खरी आणि उंची दुप्पट. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की प्लायवुड विकत आणतानाच दुप्पट जाडीचं आणलं जातं. माझे भाऊजी याला ‘राईचा पर्वत’ म्हणायचे. ते खडकांचा अभ्यास करणारे, त्यामुळे आमच्या डोंगरांकडे ते सोनार पितळेकडे बघतो तसे बघायचे.

भाऊजी काही वर्षांपूर्वी सर्वेक्षणाच्या तुकडीबरोबर एका शिखरावर गेले. वर ढग उतरला. तुकडीतले बाकीचे खाली आले, भाऊजी आले नाहीत. शोधायला गेलेले लोकही हात हलवत परत आले. ते शिखर माणसं ठेवून घेण्यासाठी पूर्वीपासूनच बदनाम आहे. तेव्हापासून ताई आमच्याकडेच असते, नकाशांचं रंगकाम तिच्याकडे. भाऊजींबद्दल बोलताना ती ‘होते’ म्हणत नाही, ‘आहेत’ म्हणते. आम्हीही तिला कधी दुरुस्त केलेलं नाही.

आणि मग एका पर्यटन माहिती केंद्राचे साहेब ऑर्डर घेऊन आले ती नेमकी त्याच शिखराची. मी नाही म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात ताई आतून म्हणाली, “घे रे काम. निदान असा तरी घरात येईल तो डोंगर.”

साहेब खूश झाले. जाताना दारात थांबून म्हणाले, “जरा भव्य होऊ द्या. बघणाऱ्याची मान वर गेली पाहिजे.”

“ते सांगायला नको,” मी म्हणालो.

२

मी हा डोंगर कधी चढलो नाही, पण तो मला भाऊजींच्या तोंडून पाठ होता. जेवताना ते ताटाच्या कडेला भाताचा ढीग करून समजावायचे. हा सगळा करडा चुनखडक, थरांवर थर, एकेकाळी समुद्राच्या तळाशी साचलेला. शिखरावरचा दगड फोडला तर आत शिंपल्यांचे ठसे मिळतात. मधून काळ्या दगडाची एक भिंत घुसली आहे, ती झिजत नाही, म्हणून शिखर टोकदार राहिलंय. पश्चिमेकडून ओला वारा येतो, चढता चढता गार होतो आणि आपलं सगळं पाणी आणि बर्फ त्याच बाजूला टाकून मोकळा होतो. त्यामुळे पश्चिम बाजू हिरवी आणि पांढरी, पूर्व बाजू मात्र कोरडी ठणठणीत, तपकिरी, नुसता दगडांचा घसारा. दुपार झाली की टोकावर ढगाची टोपी बसते. “डोंगर आपलं हवामान आपण करतो,” असं ते म्हणायचे, आणि ताई म्हणायची, “तुमच्यासारखंच. आता भात खा.”

सांगाडा झाला, प्लास्टर झालं. साधारणतः दोन दिवसांत प्लास्टर वाळतं. या वेळी पूर्वेची बाजू वाळून खडखडीत झाली, तिला बारीक भेगासुद्धा पडल्या. पश्चिमेची बाजू मात्र ओलीच राहिली. बोट लावलं की बोटाला पाणी लागायचं.

मला त्यात विशेष काही वाटलं नाही. कामाच्या खोलीची पश्चिमेची भिंत आणि न्हाणीघराची भिंत एकच आहे. तिला ओल धरते ही आमच्या घरातली जुनी तक्रार. डोंगराची पश्चिम खोलीच्याही पश्चिमेला होती. ओल भिंतीतून येत असणार. मी हीटर आणून लावला आणि विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पश्चिमेची बाजू तशीच ओली होती. शिवाय कड्यांच्या पायथ्याशी प्लास्टरचा बारीक चुरा जमा झाला होता, वरून कुणी किसल्यासारखा. झाडून घेतला. संध्याकाळपर्यंत पुन्हा तेवढाच पडला.

३

शेवटी मी ताईला हाक मारली आणि आम्ही दोघांनी टेबल उचलून अर्धं फिरवलं. आता डोंगराची ओली बाजू उन्हाच्या खिडकीकडे आली आणि कोरडी बाजू न्हाणीघराच्या भिंतीकडे गेली. काम सोपं होतं. भिंतीचा दोष असेल तर ओल बाजू बदलेल.

ओलीने बाजू बदलली नाही. खिडकीतून येणाऱ्या उन्हात पश्चिम उतार चकाकत राहिला, आणि भिंतीला टेकलेल्या पूर्वेच्या बाजूवरून हात फिरवला तर कोरडी भुकटी हाताला लागली.

मी खुर्चीवर बसून खूप विचार केला. प्लास्टरच्या दोन वेगवेगळ्या पोत्यांतला माल, एक पोतं जुनं. हे कारण मला पटलं. पटलं म्हणजे मी ते पटवून घेतलं. पोती मी स्वतःच एकत्र मिसळली होती हे मला आठवत होतं, पण कधीकधी आठवण बाजूला ठेवल्याशिवाय माणसाला जेवण जात नाही.

दुपारी छताच्या झरोक्यातून उन्हाचा पट्टा आला तेव्हा शिखराच्या टोकाभोवती पांढुरकं काहीतरी तरंगताना दिसलं. लाकडाचा भुसा उन्हात असा दिसतो. मी फुंकर मारली. ते बाजूला झालं आणि पुन्हा येऊन टोकावर बसलं.

ताई रंगाच्या बाटल्या लावत होती. तिने ते पाहिलं. त्या दिवशी तिने गाणं गुणगुणलं. किती वर्षांनी मी ते ऐकलं, आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी धास्ती वाटली.

४

ओल गेली नाही, तशातच रंग उरकला. रंग झाल्यावर बर्फ घालायचा असतो. आमचा बर्फ म्हणजे खडूची वस्त्रगाळ पूड. खळ लावून चाळणीने भुरभुरवायची, वर थोडी सैल ठेवायची म्हणजे ती खरी वाटते. ताईचा हात या कामात बाबांच्याही वरचढ. तिने शिखर, त्याखालचा बर्फाचा खोलगट वाडगा आणि पश्चिमेला उतरणाऱ्या सोंडेचा माथा असा सगळा भाग एका बैठकीत पांढरा केला.

सकाळी त्या पांढऱ्यावर टोचण्या होत्या. सुईच्या टोकाएवढ्या, एकामागे एक, वाडग्यातून निघून खांद्याला वळसा घालून सोंडेच्या माथ्यापर्यंत.

“मुंग्या,” मी म्हणालो. “खळीला लागल्यात.”

“एकच मुंगी दिसतेय,” ताई म्हणाली.

“मग एकटी आली असेल. सगळ्याच मुंग्यांना सोबत लागते असं नाही.”

मी टेबलाच्या पायांना मुंग्यांच्या खडूच्या रेघा मारल्या. पूड परत सारखी केली. सकाळी टोचण्या पुन्हा होत्या, त्याच वाटेने. सोंडेच्या माथ्यावर तर इतक्या की पूड दाबली गेली होती.

ताईने माझं भिंग घेतलं आणि नकाशावर वाकली. मला तिची पाठ दिसत होती. ती एकदा जोरात हलली, मग शांत झाली.

“इकडे ये,” ती म्हणाली. “ही मुंगी काठी घेऊन चालते का रे?”

५

मी पाहिलं. खरंच प्रत्येक पावलाच्या डावीकडे, अगदी जवळ, आणखी एक बारीक टोचणी होती. आणि भाऊजींचा डावा गुडघा अधू होता. काठीशिवाय ते जिनाही उतरत नसत. हे मला ताईने सांगायची गरज नव्हती.

माझ्या डोक्यात दहा कारणं आली. झुरळ. पाल. खोडकर उंदीर. ताईच रात्री उठून सुईने टोचते हेही आलं, आणि ते मला सगळ्यात बरं वाटलं, कारण त्यावर औषध असतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्या मनातलं ओळखलं.

“मी नाही केलं,” ती म्हणाली. “तुझी शपथ.”

ती सोंडेच्या माथ्याकडे बोट दाखवत होती. “हे बघ ना. इथपर्यंत येतात, परत फिरतात, पुन्हा येतात. इथे अडलेत ते. का अडलेत? या सोंडेवरून आम्ही उतरलो आहोत. लग्नानंतरच्या वर्षी मला घेऊन गेले होते ना, तेव्हा. इतकी सोपी वाट आहे की मी चपला घालून उतरले असते. मेंढ्या उतरतात तिथून.”

मी सोंड पाहिली. माझ्या नकाशावर ती सोंड नव्हतीच. तो कडा होता. तासलेला, सरळ खाली गेलेला.

“किती केलीस उंची?” ताईने विचारलं.

“नेहमीसारखीच.”

“म्हणजे दुप्पट.”

“दुप्पट.”

तिने भिंग खाली ठेवलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त हळू आवाजात म्हणाली, “मग अधू गुडघ्याचा माणूस उतरणार कसा रे तिथून?”

मला रडू आलं. सांगायला लाज वाटत नाही. एवढा दाढीमिशांचा माणूस मी, प्लास्टरच्या डोंगरासमोर उभा राहून रडलो, आणि ज्या गोष्टीवर माझा विश्वास नव्हता त्या गोष्टीसाठी रडलो.

६

उतार खरा करायचा तर दोन मार्ग होते. सगळा डोंगर निम्म्या उंचीचा करायचा, म्हणजे तो मोडून पहिल्यापासून सुरुवात. ताई म्हणाली, मोडायचा नाही, ते वर आहेत. मग दुसरा मार्ग. उंची दुप्पट आहे ना, मग सोंडेची लांबीही दुप्पट करायची, की चढ पुन्हा मूळचा होतो. पण दुप्पट लांबीची सोंड नकाशाच्या फळीत मावणार नव्हती. ती फळीची कड ओलांडून बाहेर जाणार, हवेतून, खोलीच्या दाराकडे.

“साहेब काय म्हणतील?” मी म्हणालो.

“तू मला वेडी समज,” ताई म्हणाली. “पण वेड्या बहिणीसाठी कर.”

मी केलं. सोंडेच्या माथ्याला एक लांब पाट जोडला, त्याचं दुसरं टोक दाराशी एका स्टुलावर टेकवलं. त्यावर जाळी आणि जाळीवर प्लास्टर. सोंडेच्या माथ्यापासून स्टुलापर्यंत एकसारखा, सौम्य, मेंढ्यांचा उतार. नकाशा म्हणून तो भयंकर दिसत होता, डोंगराने जीभ बाहेर काढावी तसा. ताईने त्याच्यावर वरपासून खालपर्यंत पूड भुरभुरवली. मग हात धुतले, केस नीट केले आणि धुवट साडी नेसली. हे पाहून मला जे वाटलं ते मी लिहू शकत नाही.

साहेबांना फोन करून मी खोटं बोललो की प्लायवुड वाकलं, थोडे दिवस लागतील.

पहाटेच ताईने मला उठवलं. तिचा चेहरा बघून मला कळेना की चांगलं झालं की वाईट. कामाच्या खोलीत उजेड पुरेसा होता. पाटावरच्या पुडीत पावलं होती, टोचण्यांपेक्षा थोडी मोठी, बोटं ओळखू येतील अशी. एकाची नाही. बाजाराच्या वाटेवर असतात तशी, एकमेकांत मिसळलेली, एकमेकांवर पडलेली, सगळी बोटं खाली दाराच्या दिशेला. स्टुलापाशी येऊन संपलेली.

ताई भिंग घेऊन वरून खालपर्यंत एकेक इंच बघत आली. पाटावर काठीची टोचणी कुठेच नव्हती. ती टोचणी फक्त सोंडेच्या माथ्यावर होती, वाटेच्या थोडी बाजूला, एका जागी उभी असल्यासारखी.

७

बाबांच्या खोलीचं दार बोळात उघडतं, आणि बोळाचं दुसरं टोक म्हणजे कामाच्या खोलीचं दार. बोळात एक लांब बाक आहे. गिऱ्हाइकं पूर्वी तिथे बसायची. बाबा पलंगावरून तो बाक बघत असतात.

“एवढी माणसं कोण आलीत रे?” त्या सकाळी त्यांनी विचारलं. “चहा तरी दे त्यांना. सून आणली असतीस तर ही वेळ आली नसती.”

“कोणी नाही बाबा. तुमचे डोळे.”

“डोळ्यांत मोतीबिंदू पडलाय, डोक्यात नाही. पायांत बूट नाहीत बघ त्यांच्या. गारठलेत बिचारे.”

ताई दारातच खिळली होती. तिने विचारलं, “बाबा, हे आहेत का त्यांच्यात?”

बाबा बाकाकडे बघत राहिले. एकेका चेहऱ्यावर थांबत असल्यासारखी त्यांची मान सरकत गेली. “जावई नाहीत,” ते म्हणाले. “हे कोणीतरी वेगळेच आहेत. जुन्या काळचे कपडे आहेत काहींचे.”

त्या दिवसापासून बोळ गार पडला. बाहेर लोक पंखे लावत होते आणि आमच्या बोळात तोंडातून वाफ निघायची. बाकाची फळी ओली. भिंतीवरच्या आरशावर धुकं. मी पुन्हा न्हाणीघराची भिंत, खचलेला पाया, जमिनीखालचं पाणी अशी कारणं जमवू लागलो, पण आता ती मला हातात धरवेनात.

बाबा रोज बातमी द्यायचे. “थोडं शेकतात आणि जातात बिचारे आपापल्या घरी. पण गेले की नवे येतात. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.” स्वतःच्या विनोदावर हसायचे आणि त्यातून खोकला सुरू व्हायचा. एके दिवशी त्यांच्या अंगावर घोंगडी नव्हती. ती बाकावर मिळाली, भिजून गच्च, कोपऱ्यात बर्फाचे कण. “त्याला जास्त गरज होती,” बाबा म्हणाले. त्यांचे ओठ निळे होते.

मी त्यांच्या पलंगाजवळ शेगडी आणून ठेवली. कोळसे फुलवून उठलो, दाराकडे वळलो, आणि मला वाटलं मागे कोणीतरी वाकलंय. मी वळून पाहिलं. शेगडीवर हात पसरलेले होते. फक्त हात, मनगटापर्यंत, करडे, बोटांची टोकं काळी पडलेली. एका बाईच्या हातात काचेची बांगडी होती. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा शेगडीतले कोळसे विझले होते आणि बाबा माझ्याकडे बघत होते.

“घाबरू नकोस,” ते म्हणाले. “काही मागत नाहीत ते.”

८

डॉक्टर आले. छाती ऐकून त्यांनी मला बाहेर घेतलं आणि म्हणाले, या घरात इतका गारठा कशाने आहे ते शोधा. आणखी काही दिवस असे गेले तर मी काही करू शकणार नाही. दवाखान्यात हलवू या म्हटलं, तर म्हणाले, या अवस्थेत ते वाटेतच जातील.

डॉक्टर गेल्यावर ताई कामाच्या खोलीत पाटाशेजारी बसली होती. मी सकाळी पाटावरची पूड सारखी करून नवी भुरभुरवली होती. किती येतात ते कळावं म्हणून. त्यावर फारशी पावलं नव्हती, थोडीच, खालच्या भागात. मी ते पाहिलं आणि त्याचा काही विचार केला नाही. माझं लक्ष बाबांच्या श्वासाकडे होतं, तो बोळापलीकडून ऐकू येत होता.

“यांना मी ओळखते,” ताई म्हणाली. डोळे शिखराकडे. “म्हणून येत नाहीत. तुला माहीत नाही, त्या दिवशीसुद्धा असंच झालं. ढग उतरला तेव्हा हे वाटेवर उभे राहिले आणि एकेकाला पुढे काढलं. तू हो, तू हो, मी येतोच मागून. तुकडीतल्या पोराने मला येऊन सांगितलं, वहिनी, आम्ही मागे बघितलं तेव्हा साहेब काठी हलवत होते. सगळे गेल्याशिवाय हे हलणार नाहीत. शाळेच्या सहलीतही शेवटी, लग्नाच्या पंगतीतही शेवटी. लोक म्हणायचे, किती चांगला माणूस. हो, चांगला. पण घरात एक बायको वाट बघतेय, तिला कुठल्या पंगतीत बसवायचं?”

ती इतकी वर्षं हे बोलली नव्हती. आवाज चढला नाही तिचा.

“त्या डोंगराने किती जण ठेवून घेतले असतील रे?”

“कोणाला माहीत,” मी म्हणालो. “शंभर वर्षांचे असतील. जास्तही.”

“म्हणजे ही रांग संपायची नाही.”

बोळापलीकडे बाबा खोकले. मग खोकला थांबला आणि बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. आम्ही दोघंही श्वास धरून बसलो. मग त्यांचा श्वास पुन्हा सुरू झाला, फाटक्या पिशवीतून वारा जावा तसा.

ताई उठली. तिने खिळ्यावरची करवत काढली.

“मी करतो,” मी म्हणालो.

“नको. तू केलंस तर मी तुला जन्मभर माफ करणार नाही. मला माझ्याच हातांनी करू दे.”

तिने करवत सोंडेच्या माथ्याशी, जुना कडा आणि नवा उतार यांच्या सांध्यावर ठेवली. पाटाकडे तिने पाहिलं नाही. ती शिखराकडे बघत होती, जिथे दुपारची टोपी बसायला लागली होती.

“अहो,” ती म्हणाली. मी तिच्या तोंडून ही हाक कितीतरी वर्षांनी ऐकली. “थांबा तिथेच आता. माझे बाबा आहेत हो. तुम्ही सगळ्यांना सोडलंत, मग मलाही सोडावंच लागेल ना?”

आणि डोळे घट्ट मिटून तिने कापायला सुरुवात केली. नव्या उताराचं प्लास्टर कोरडं होतं, करवत सरसर चालली. पांढरा भुगा तिच्या साडीवर पडत होता. जाळीचा शेवटचा धागा तुटला, पाट सुटला आणि त्याचं वजन माझ्या हातांवर आलं. त्याच क्षणी बोळातून उबदार हवा आत आली, बाहेरच्या उन्हासारखी. ताई भिंतीला पाठ लावून खाली सरकली आणि तोंड पदरात घालून रडू लागली, मोठ्याने, जसं तिने पहिल्याच दिवशी रडायला हवं होतं.

मी पाट उचलून कडेला न्यायला वळलो. उन्हाच्या पट्ट्यात त्याचं कापलेलं टोक माझ्या डोळ्यांसमोर आलं. तिथली पूड सकाळी मी घातली तशीच स्वच्छ होती. वरून येणारी गर्दी संपली होती. मागे कोणी उरलं नव्हतं. आणि अगदी टोकाला, करवतीच्या रेषेच्या अलीकडे, एकच पाऊल होतं. बोटं खालच्या दिशेला. त्याच्या डावीकडे काठीची टोचणी.

त्यांची पाळी आली होती. ते निघाले होते.

मी ताईकडे पाहिलं. तिचा चेहरा पदरात होता. पाट गुडघ्यावर टेकवून मी अंगठ्याने ती पूड पुसून टाकली. पाऊल गेलं, टोचणी गेली, पांढरा रंग तेवढा नखात राहिला.

“काय बघतोयस?” ताईने पदराआडून विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो. “भुगा खूप पडलाय. झाडू कुठे ठेवलास?”